माळवद पाडण्यापूर्वीं

अहिल्यानगरहून आष्टीपर्यंतचा लोहमार्ग २०२२ सालच्या सप्टेंबरांत वाहतुकीस खुला झाला, आणि आमच्या तालुक्यांतील गांवें गाडीच्या खिडकींतून दिसूं लागलीं. वैशाखांतील दुपारीं या खिडकींतून पाहणाराचे डोळे दिपतात. पण ते पिकानें नव्हेत, आणि पाण्यानें तर नव्हेतच. गांवोगांव घरांवर चढलेले पत्रे उन्हांत लखलखत असतात, त्यांच्या मधून मधून सिमेंटचे करडे स्लॅब दिसतात, आणि एखाद्या बोळाच्या टोकाशीं मातीच्या रंगाचें एखादें माळवद, बहुधा एका कोपऱ्यांत खचलेलें, उभें असतें. पन्नास वर्षांपूर्वीं हेंच चित्र उलट होतें. तेव्हां पत्रा असे तो शाळेवर किंवा चावडीवर; बाकी सारें गांव माळवदाखालीं नांदत होतें.

हा पालट आमच्या डोळ्यांदेखत झाला. पण तो हिताचा झाला कीं अहिताचा, याचा हिशेब शेतकरी मंडळींनीं मांडलेला आम्हांस आढळत नाहीं. नवें बियाणें घ्यावयाचें तर आपण चार बांधांवर जाऊन उभें पीक पाहतों. बैल घ्यावयाचा तर दांत मोजतों, चालवून पाहतों, खांद्यावर हात फिरवितों. आणि ज्या छपराखालीं आपण, आपलीं लेंकरें व आपलीं म्हातारीं माणसें तीस-चाळीस उन्हाळे काढणार, तें छप्पर मात्र गवंडी सांगेल तसें, किंवा शेजाऱ्यानें टाकलें असेल तसें टाकून मोकळे होतों.

या दोषाचे आम्हीही धनी आहों. १९९४ सालच्या उन्हाळ्यांत आम्हीं आपल्या राहत्या घराचें चार खणांचें माळवद उतरविलें आणि पत्रे चढविले. दुसऱ्या वर्षीं चैत्र लागला, आणि आमच्या मातुश्री दुपारचें जेवण आटोपलें कीं निवडावयाचें धान्य सुपांत घेऊन शेजारच्या माळवदाखालीं जाऊन बसूं लागल्या. शेजारी कांहीं बोलले नाहींत. आम्हांसच खालीं मान घालावी लागली. पुढें पत्रे काढून स्लॅब टाकिला. त्या वर्षीं विहीर तळाला गेलेली. स्लॅबवर पाणी मारावयास टँकर आणावा लागला, आणि दहा दिवस भिजवावयाचा तो स्लॅब ठेकेदारानें चार दिवसांतच ‘झाला’ म्हणून सांगितलें. पहिल्या पावसांत तो ठिबकला, हें तर झालेंच. परंतु त्याहून वाईट हें कीं, पत्रा निदान दिवस मावळल्यावर निवत असे. हा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवेना.

आम्हीं माळवद उतरविलें तें हौसेनें मात्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी व आसपासच्या गांवांवर जो प्रसंग गुदरला, तो मराठवाड्यांत कोणासही विसरतां येणार नाहीं. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपति बोळवून दमलेलीं माणसें घरांत निजलीं होतीं. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं, अशी सरकारी नोंद आहे. धरणीकंपाची प्रत सहाच्या किंचित् वर होती. एवढ्या धक्क्यानें इतकीं माणसें जावयास नको होतीं. तीं धरणीनें मारलीं नाहींत. दगडमातीच्या भिंतींनीं व त्यांवरील माळवदांनीं मारलीं. पुढें तिकडे बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं; आणि इकडे आष्टीकडे माणसें कित्येक दिवस अंगणांत निजत होतीं. त्या भीतीला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. माळवदाची बाजू मांडणारानें किल्लारी विसरून बोलूं नये. तसें बोलणें पाप आहे. तथापि त्या एका रात्रीं भीतीनें दिलेला निवाडा इतक्या वर्षांनंतर पुन्हां एकदां शांतपणें तपासावयास हरकत नसावी.

प्रथम ऊन कोठून येतें तें पाहूं. आष्टी विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेएकोणीस अंशांच्या जवळपास आहे. त्यामुळें मे महिन्याच्या मध्यास, आणि पुन्हां जुलैच्या अखेरच्या आठवड्यांत, माध्यान्हींचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सांवली काठीच्या बुडाशीं नाहींशी होते. जुलैंत आभाळ असतें. मे महिन्यांत तें नसतें. म्हणजे ऐन उन्हाळ्यांतील उन्हाचा मुख्य मारा भिंतींवर नसून छपरावर असतो. दक्षिणेच्या भिंतीस त्या दिवसांत दुपारीं ऊन जवळजवळ लागतच नाहीं. पूर्वेची व पश्चिमेची भिंत एक सकाळीं व दुसरी दिवस कलतां भाजते. छप्पर मात्र सकाळीं आठांपासून संध्याकाळीं पांचांपर्यंत अखंड तापत राहतें. तेव्हां घराला भिंत कशाची आहे, रंग कोणता आहे, फरशी कोठून आणली आहे, हे सारे प्रश्न मागाहूनचे आहेत; पहिला प्रश्न डोक्यावर काय आहे, हा.

आतां तीन छपरें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. पत्र्याला जाडी अशी नाहींच. भर दुपारीं त्याचें अंग साठ अंशांच्या पुढें तापतें, आणि ती धग कांहीं मिनिटांतच खालीं बसलेल्या माणसाच्या डोक्यावर येते. पंखा लावला तर तोच ऊन वारा फिरून अंगावर येतो. स्लॅबची जाडी चार-पांच इंच. त्यांतून उष्णता खालीं उतरावयास साधारण तीन तास लागतात. म्हणजे दुपारीं दोनचें ऊन संध्याकाळीं पांचाला घरांत येतें, आणि दिवसभर पोटांत सांठविलेली उष्णता स्लॅब रात्रीं अंथरुणावर सोडीत बसतो. शेतांतून थकून आलेला माणूस ज्या वेळीं पाठ टेकतो नेमकी तीच वेळ या छपरानें भाजण्यासाठीं निवडलेली आहे. माळवदाची माती फूटभर. तींतून उष्णता आंत पोचावयास आठ-दहा तास, कोठें बारा तासही लागतात. वाटेंत ती इतकी मंदावते कीं आंतल्या बाजूस हात लावला तर समजूं नये. दुपारचें ऊन आंत पोचतें तें मध्यरात्रीच्या सुमारास, जेव्हां बाहेरची हवा निवालेली असते आणि दारें-झरोके उघडे असतात. आमच्याकडे उन्हाळ्यांत दिवस व रात्र यांच्या उष्णतामानांत पंधरा अंशांच्या आसपास अंतर पडतें. दिवसां एकेचाळीस, पहाटे सव्वीस. माळवदाखालच्या खोलींतील पारा या दोहोंच्या मध्यावर, बत्तीस-चौतिसांच्या घरांत, फारसा न हलतां राहतो. मातीची जादू म्हणतात ती एवढीच: दिवस आणि रात्र यांची ती सरासरी करते.

ही सरासरी कोरड्या मुलखांतच उपयोगी पडते, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे. कोंकणांत रात्रही दमट व उबदार असते. तेथें जाड माती नुसती ओल धरील. तिकडे उतरतें कौलारू छप्पर, पातळ भिंत व आरपार वारा हेंच शहाणपण आहे. तेथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस, आणि आमच्याकडे सहाशेंच्या आसपास, तोही बेभरंवशाचा. एकाच राज्यांतील या दोन मुलखांना एकच नकाशा लावणें म्हणजे खाचरांतील भात माळावर पेरणें होय. ओटो कोनिग्सबर्गर नांवाचे एक जर्मन स्थापत्यविशारद १९३९ पासून कांहीं वर्षें म्हैसूर संस्थानच्या नोकरींत होते. त्यांनीं सहकाऱ्यांसह उष्ण देशांतील घरबांधणीवर १९७४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही स्थापत्याचे विद्यार्थी वाचतात. त्यांतील मुख्य भर याच गोष्टीवर आहे कीं, उष्ण प्रदेश म्हणजे एक प्रदेश नव्हे. कोरड्या उष्ण जागेचें घर वेगळें, दमट उष्ण जागेचें वेगळें. आमच्या वाडवडिलांनीं हा ग्रंथ वाचला नव्हता. परंतु नगराकडून येतांना कौलें कोठें संपतात आणि माळवदें कोठें सुरू होतात, हें त्यांनीं बांधून दाखविलें होतें.

माळवद कसें बनतें हें पुढच्या पिढीस सांगावें लागेल असें वाटलें नव्हतें. पण आतां सांगितलें पाहिजे. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर तुराट्या-पऱ्हाटीचा किंवा पाल्याचा थर, त्यावर चिखल, आणि सर्वांत वर पांढरीची खारी माती. खांबांच्या या चौकटींतील एकेका जागेला खण म्हणावयाचें. घर केवढें आहे हें आपण खणांवर सांगत असूं. मध्यें साणें ठेवावयाचें. त्यांतून उजेड येतो, धूर व ऊन वाफ बाहेर जाते. कडेला पन्हळ. गांवची जमीन काळी आणि गांवठाण तें पांढरी, हा भेद आपल्या बोलण्यांत आहे, तो छपरावरही होता. काळी माती वाळली कीं भेगाळते, म्हणून ती माळवदावर कोणी घालीत नसे. खाऱ्या मातीचा गुण निराळा. तींतील क्षारांमुळें पहिल्या पावसांत तिचे कण फुगून सुटे होतात आणि बारीक छिद्रें बुजवून टाकतात. वरचें पाणी आंत न जिरतां पन्हळीकडे धांवतें. जी चोपण माती शेतांत आपली वैरीण, तीच डोक्यावर राखण करीत होती. शिवाय तींत गवत लवकर उगवत नाहीं.

तथापि या छपराचे दोषही त्याच्या बांधणींतच आहेत. पहिला दोष ओझ्याचा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खणावर फूटभर दाबलेली माती म्हणजे सुमारें पावणेपांच टन वजन होतें; भिजल्यावर त्याहून अधिक. दरवर्षीं मृगाच्या आधीं वर नवी माती टाकावयाची, आणि जुनी खरवडून काढावयाची नाहीं, असा आळस आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालला. त्यामुळें फुटाचें माळवद कालांतरानें दोन फुटांचें झालें. एका खणावर भरलेल्या ट्रकाइतकें ओझें टांगून आपण त्याखालीं निर्धास्त निजत होतों. दुसरा दोष वाळवीचा: तुळईचें भिंतींत गेलेलें टोक आंतून पोकळ होतें आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. तिसरा दोष निगेचा. माळवदाला दरवर्षीं माणूस लागतो. आणि आमच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीस जाणारीं कुटुंबें चैत्र-वैशाखांत परत येतात, त्यांच्या कुलूपबंद घराची वाळवी कोणी पाहावी? तीं परततात तेव्हां ऊन सर्वांत कडक आणि हातांत वेळ सर्वांत थोडा. अल्पभूधारक माणसानें पत्रा पसंत केला, त्यांत ही अडचण मोठी होती. तिला मूर्खपणा म्हणणें सोपें आहे. आम्ही तसें म्हणणार नाहीं.

किल्लारीस काय घडलें, तें तज्ज्ञांनीं पाहून लिहून ठेविलें आहे, आणि तें प्रत्येक घरमालकानें समजून घ्यावें असें आहे. तेथील भिंती आमच्यासारख्याच होत्या: दोन-अडीच फूट जाड, आंतून एक व बाहेरून एक अशा दगडांच्या दोन पदरांच्या, मध्यें खडी-मातीची भर. दोन्ही पदरांस एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. असली भिंत दिसावयास किल्ल्यासारखी. पण हादरा बसतांच तिचे पदर सुटतात, बाहेरचा बाहेर व आंतला आंत कोसळतो. कित्येक घरांत भिंती पडल्या आणि लांकडाच्या चौकटी मात्र उभ्या राहिल्या. जेथें खांब-तुळईच्या जोडाला आधार नव्हता तेथें चौकट कलली आणि वरील मातीसह खालीं आली. म्हणजे दोष मातीचा नव्हता. दोष बांधणीचा होता, आणि तो दूर करतां येण्यासारखा आहे.

तो कसा दूर करावा, याचे नियमही सरकार-दरबारीं आहेत. त्याच १९९३ सालचीं भारतीय मानक क्रमांक १३८२७ व १३८२८ हीं दोन मानकें, एक मातीच्या घरांविषयीं व दुसरें अशा दगड-विटांच्या साध्या बांधकामाविषयीं आहे. दगडी भिंत शक्यतों दीड फुटाहून जाड करूं नये. दर दोन फूट उंचीला व आडवें चार फुटांहून अधिक अंतर न ठेवतां भिंतीच्या पूर्ण जाडीचा एकेक आरपार दगड घालावा. दारांच्या चौकटींच्या माथ्यावर सर्व भिंतींस कवटाळणारा अखंड पट्टा घालावा. दारें-खिडक्या कोपऱ्याला चिकटवूं नयेत. इतकें तें साधें आहे. लांब दगड मिळत नसेल तर भोंक पाडून त्यांत सळई व सिमेंट भरूनही काम भागतें, आणि हें उभ्या भिंतींतसुद्धां करतां येतें. माळवदाच्या बाबतींत दोन गोष्टी अधिक कराव्या. खांब व तुळई यांच्या कोनांत लांकडाचे किंवा लोखंडाचे तिरकस टेकू ठोकावे. आणि वरची माती खरवडून सहा-आठ इंचांवर आणावी. एवढ्यानें ओझें निम्म्याखालीं येतें, आणि उन्हापासून बचाव मात्र बराचसा कायम राहतो. ज्यांचें माळवद अद्यापि धड आहे त्यांनीं तें पाडण्यापूर्वीं या कामाचा अंदाज एकदां गवंड्याकडून घ्यावा. पुष्कळ ठिकाणीं तो नव्या स्लॅबच्या खर्चाजवळही जाणार नाहीं.

परंतु येथें एक निराळीच अडचण आडवी येते, आणि ती शब्दाची आहे. सरकारी कागदांत मातीची भिंत व मातीचें छप्पर म्हणजे ‘कच्चें’ घर. २०११ सालच्या सामाजिक-आर्थिक पाहणींत कच्च्या भिंतींची व कच्च्या छपराची एकच खोली असणें, हें दारिद्र्याचें एक लक्षण धरलें होतें. २०१६ सालीं सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेंत अशा कच्च्या घरांत राहणारांस पक्कें घर बांधावयास सपाट प्रदेशांत एक लाख वीस हजार रुपये ठरविण्यांत आले. गळक्या झोंपड्यांत राहणाऱ्या लाखों कुटुंबांस यानें आसरा मिळाला, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि या एका शब्दानें गळकी झोंपडी आणि तीन पिढ्या टिकलेलें पांच खणांचें माळवद एकाच दावणीला बांधलीं गेलीं. आणि पक्कें म्हणजे काय? तर ज्यावर स्लॅब किंवा पत्रा आहे तें. मग त्याखालीं दुपारीं माणूस बसूं शको वा न शको. योजनेच्या नियमांत स्थानिक साहित्यास व शिकविलेल्या गवंड्यांस जागा आहे, ही गोष्ट फारच थोड्यांस माहीत आहे. ती जागा आपल्या ग्रामसभांनीं मागून घेतली पाहिजे. आरपार दगड घातलेली, पट्टा बांधलेली, हलक्या मातीचें छप्पर असलेली इमारत ‘पक्की’ धरावी, असा ठराव एखाद्या ग्रामसभेनें करून वर पाठविला, तर निदान प्रश्न तरी कागदावर येईल.

मात्र घर कितीही शास्त्रशुद्ध असलें तरी राहणाराला तें आपलें वाटावें लागतें, हें मातीच्या कैवाऱ्यांनीं विसरूं नये. इजिप्त देशांत हसन फती या स्थापत्यकारानें १९४५ पासून पुढें नाईल नदीकांठीं लक्सर शहराजवळ कच्च्या विटांच्या घुमटांचें एक सुंदर गांव बांधलें. घरें थंड होतीं, स्वस्त होतीं, जगभर त्यांचें कौतुक झालें; पण ज्या गांवकऱ्यांसाठीं तें बांधलें त्यांच्यांतील बहुतेक तेथें राहावयास गेलेच नाहींत. मुलीचें स्थळ पाहावयास आलेल्या पाहुण्यांना माळवदाखालीं बसवावयाची लाज वाटते, असें आमच्या गांवीं आम्हीं स्वतः ऐकलें आहे. या लाजेला उष्णतामानाचे आंकडे पुरे पडत नाहींत. चांगल्या ऐपतीच्या चार शेतकऱ्यांनीं नवीं घरें मातीच्या छपराचीं बांधलीं, तरच ती लाज हटेल.

ज्यांचा स्लॅब टाकून झाला आहे त्यांनीं काय करावें? सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. ताजा भट्टीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यांत डिंकाचें पाणी मिसळून स्लॅबवर दोन-तीन हात मारावे. चुन्यांत मीठ घालण्याची जुनी रीत आहे, ती येथें वापरूं नये. स्लॅबमधील लोखंडास मीठ अपायकारक असतें. पांढरें छप्पर आलेल्या उन्हांतील बराच मोठा भाग परत आकाशांत धाडतें, आणि खालच्या खोलीची उष्णता दोन ते पांच अंशांपर्यंत उतरते, असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. अहमदाबाद शहरानें २०१३ सालीं उन्हाच्या लाटेशीं तोंड देण्याची योजना आंखली, तीत पुढें गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम घेतलें. तेलंगण राज्यानें २०२३ सालीं थंड छपरांचें धोरणच जाहीर केलें. आपल्याकडे धूळ फार, म्हणून हें काम दरवर्षीं होळीच्या आधीं करावें लागेल. माळवदाला दरवर्षीं हात लावावा लागतो म्हणून आपण तें टाकलें. स्लॅबलाही तो लावावाच लागतो, हा त्यांतला विनोद आहे. पत्र्याच्या घरांत पत्र्याखालीं वीतभर अंतर सोडून तट्ट्याचें छत बांधावें, आणि मधल्या पोकळींतील ऊन हवेला दोन्ही टोकांस वाट ठेवावी. पत्र्यावर कडबा किंवा पाचट अंथरणारे पुष्कळ आहेत. गारवा येतो खरा, परंतु एका ठिणगीची भीति असते, तेव्हां चुलीच्या वर तरी तें करूं नये. कूलर कोरड्या हवेंत उत्तम चालतो. पण तो पाणी पितो, आणि मे महिन्यांत आमच्या कित्येक वाड्यांवर पाणी टँकरनें येतें.

गोठ्याविषयीं एवढेंच सांगूं कीं, संकरित गायीस पंचवीस अंशांच्या वर उष्णता सोसत नाहीं, आणि आपण तिला चाळिसांत, ठेंगण्या पत्र्याखालीं बांधतों. दूध घटलें कीं पेंडीला दोष देतों. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, पत्रा दहा फुटांहून उंच घ्यावा, आढ्याशीं फट ठेवावी, आणि पश्चिमेस लिंबाचीं झाडें लावावीं. २०१९ च्या दुष्काळांत आमच्या तालुक्यांत चारा छावण्या लागल्या होत्या. तेथें ज्या जनावरांस झाडाची सांवली लाभली तीं आणि जाळीच्या कापडाखालीं उभीं होतीं तीं, यांतील फरक छावणीवर राहिलेल्या कोणत्याही शेतकऱ्यानें सांगावा.

ज्यांस अगदीं नवें घर बांधावयाचें आहे व लांकूड परवडत नाहीं, त्यांच्यासाठीं एक मधला मार्ग आम्हांस सुचतो. दीड फुटाच्या, आरपार दगड घातलेल्या भिंती, माथ्यावर पट्टा, त्यावर लोखंडी गर्डर, गर्डरांवर शहाबादी फरशी, फरशीवर पांच-सहा इंच दाबलेली माती व वर चुन्याचा कोबा. याला वाळवी लागत नाहीं आणि दरवर्षीं माती वाहावी लागत नाहीं. घराचीं लांब अंगें उत्तर-दक्षिणेकडे करावीं, म्हणजे भाजणाऱ्या पूर्व-पश्चिम भिंती आंखूड राहतात. पश्चिमेस खिडकी ठेवूंच नये, तेथें न्हाणी किंवा कणगीची खोली घालावी. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढिला तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत माध्यान्हीं त्याची सांवली पावणेसहा फूट खालीं उतरते, म्हणजे सारी खिडकी झांकली जाते; आणि डिसेंबरांत ती सव्वादोन फुटांवरच थांबते, म्हणजे थंडींतील ऊन आंत येतें. साणें मात्र सोडूं नये. रात्रीं तें उघडावें, सकाळीं आठाच्या आंत तें व सर्व दारें-खिडक्या मिटाव्या; जाड घराचा सारा गुण या उघडझांपेवर अवलंबून आहे. दिवसभर दारें सताड उघडीं टाकलीं तर माळवदाचाही पत्रा होतो.

येत्या चैत्र-वैशाखांत आमच्या वाचकांनीं एक काम करावें, अशी विनंति आहे. बाजारांत मिळणारा साधा उष्णतामापक घेऊन तो घराच्या मधल्या खोलींत, जमिनीपासून तीन फुटांवर, भिंतीला न टेकतां टांगावा, आणि दुपारीं तीन वाजतां व रात्रीं दहा वाजतां दिसणारे आंकडे निदान आठ दिवस टिपून ठेवावे. शेजारीं छप्पर पत्रा, स्लॅब, पांढरा केलेला स्लॅब किंवा माळवद यांपैकीं कोणतें, त्यावरील मातीची जाडी किती, आणि दारें दिवसां बंद होतीं कीं उघडीं, हें लिहावें. आमच्या स्लॅबखालील व शेजारच्या माळवदाखालील टिपण आम्ही चैत्र पाडव्यापासून सुरू करणार आहों. शेजाऱ्यांनीं तशी परवानगी दिली आहे; मात्र त्यांचें माळवद या मृगापूर्वीं खरवडून द्यावयाचें आम्हीं कबूल केलें आहे.